मडकं कोणाच्या घरचं?

स्टाइनलोहेत बिअर एकट्यादुकट्याने होत नाही. गावाची भट्टी एकच. ज्या घराची पाळी असेल त्याने तिथे मोड आणलेले सातू शिजवायचे, हॉप घालून काढा उकळायचा, तो बादल्यांतून घरी न्यायचा आणि आपापल्या तळघरात आंबवायचा. आंबवायला लागतं खमीर, आणि ते ज्या घरची बिअर आधी झाली त्या घराकडून मडक्यातून आणायचं. शेजारणीकडून विरजण आणावं तसं. ते विकायचं नाही आणि मागितल्यावर नाही म्हणायचं नाही. त्यामुळे कुठल्याही घरची बिअर चाखताना माणसं सहज विचारत, "मडकं कोणाच्या घरचं?"

त्या वर्षी हाच प्रश्न ऐकायची पोलोनिया राइन्डलला धास्ती वाटायची.

एरवी ही बाई घाबरणारी नव्हे. तिचा नवरा वारला, वाइट त्याचं नाव, तेव्हा गावाला वाटलं, आता राइन्डलांच्या दारावर बिअर तयार असल्याची खूण म्हणून लावतात ती चांदणी काही टांगली जात नाही. हिने पुढच्याच पाळीला भट्टी पेटवली आणि अशी बिअर काढली की पाद्रीबुवा उपासाच्या दिवसांत दोनदा चक्कर टाकू लागले. उपासाला बिअर चालते. पाद्रीबुवांना ती जरा जास्तच चालायची. मग पोलोनिया चढून गेली. तोंडाळ तर ती आधीपासूनच होती. थंडीत कोणाचं खमीर मेलं तर त्या बाईने चर्चच्या दारात सगळ्यांसमोर सांगावं आणि वर्षभर आपली पाळी सोडावी, अशी गावची रीत. असं कोणी सांगायला उभं राहिलं की सगळ्यांत आधी पोलोनियाचाच आवाज यायचा, "अगं, मडकं गेलं तर गेलं, निदान नवऱ्याला तरी जपून ठेव!" बाया एप्रन तोंडाला लावून हसायच्या.

आणि त्या हिवाळ्यात तिचंच मडकं मेलं.

खमीर दिलं होतं शेजारच्या सिबिलाने. ही पोर नुकतीच लग्न होऊन आलेली, तीही बिशपच्या मुलखातून. चेटूक करून बिअर नासवल्याच्या आरोपावरून गेल्या शरदात तिथे बायका जाळल्या होत्या, त्या मुलखातून. गावातल्या बाया तिच्याशी बोलायच्या, पण हातचं राखून. पोलोनियाला मात्र पोरगी आवडली होती. तिने मडकं आणलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं. सैनिक गावात उतरलेले, त्यांना भाकरी भाजून देता देता ती ते विसरली. सकाळी मडक्यात बर्फाचा गोळा. वितळवून, गोड काढा घालून तिने वाट पाहिली. एक बुडबुडा आला नाही.

चर्चच्या दारात उभं राहायचं तिच्या जिवावर आलं. ज्यांना आजवर हसली त्या सगळ्या आता हसणार होत्या. तळघराच्या कोपऱ्यात वाइटच्या शेवटच्या बिअरचं पिंप पडून होतं. त्याच्या तळाचा गाळ तिने खरवडला आणि काढ्यात घातला. फेस आला. तिने छातीवर क्रॉसची खूण केली आणि कोणाला काही सांगितलं नाही. बिअर झाली ती जराशी जड होती. सैनिकांनी ती आठवड्यात संपवली, त्यांना काय कळतंय! नंतर गावप्रमुखाची बायको रोझिना खमीर मागायला आली, तेव्हा पोलोनियाने मडकं भरून दिलं.

रोझिनाची बिअर तारेवर आली. पळी उचलली की मागून पाकासारखी तार निघायची. रोझिनाकडून चांभाराने नेलं, त्याचीही तीच गत. उपासाचे दिवस, पोटाला आधार बिअरचा, आणि दोन घरांची तळघरं नासलेली. माणसं आधी चिडली, मग गप्प झाली. ती गप्प झाली तेव्हाच पोलोनियाला कळलं की हे साधं नाही.

विहिरीवर रोझिना तिच्या कानाशी लागली. "काकू, मी तुमच्याकडून नेलं, तुम्ही तिच्याकडून. मला कोणी काही बोलणार नाही आणि तुम्हाला तर नाहीच नाही. उरली कोण?"

"थंडी होती गं," पोलोनिया म्हणाली. "थंडीत होतं असं कधीकधी."

"होतं ना. पण त्या मुलखातलीकडून आणल्यावरच कसं झालं?"

पोलोनियाने घागर उचलली आणि वाट धरली. ती इतक्या घाईने चालली की निम्मं पाणी बुटांवर सांडलं. गप्प राहिलं तर आपल्याला काही होणार नाही हे तिला लख्ख कळत होतं, आणि याचीच तिला जास्त भीती वाटत होती. रात्रंदिवस तिला धुराचा वास यायचा. ती चूल विझवून बसली तरी यायचा.

चार दिवसांनी गावचा न्यायनिवाडा करणाऱ्या कारभाऱ्याने, योब्स्टने, गावसभेच्या दालनात सगळ्यांना बोलावलं. योब्स्ट हा वाइटचा जुना दोस्त. त्याच्याबरोबर या वेळी वरून पाठवलेला एक परका माणूसही होता, काळ्या अंगरख्यातला. तो मान खाली घालून सगळं लिहून घेत होता. सिबिला मधोमध उभी होती. बिचारीने स्वच्छ एप्रन घातला होता, जणू स्वच्छ एप्रनचा काही उपयोग होणार होता. पोलोनिया बाकावर रोझिनाशेजारी बसली.

रोझिना उठली, सांगून बसली. मग योब्स्ट वळला.

"पोलोनिया वहिनी, मडकं कोणाच्या घरचं?"

सगळं दालन तिच्या तोंडाकडे बघत होतं आणि उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. एवढंसं नाव घ्यायचं, घरी जायचं, चूल पेटवायची. सिबिला तिच्याकडे बघतही नव्हती. ती जमिनीकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते.

"वहिनी?"

"सिबिलाने दिलं होतं," पोलोनिया म्हणाली. दालनात सुस्कारा निघाला. "पण ते माझ्या खिडकीत गोठून मेलं. माझी चूक. रोझिनाला दिलं ते तिचं नव्हतंच."

योब्स्टचा चेहरा उतरला. "मग कोणाचं?"

"कोणाचं नाही. वाइटच्या जुन्या पिंपातला गाळ होता, तो मी खरवडला."

"वाइटला जाऊन पाच वर्षं झाली."

"त्यांच्या हातची शेवटची बिअर होती ती. त्यात जीव होता अजून."

मागून कोणीतरी हलकेच म्हणालं, "म्हणजे मेलेल्याने दिलं."

काळ्या अंगरख्यातल्या माणसाने पहिल्यांदा मान वर केली. आपण काय बोलून बसलो ते पोलोनियाला तेव्हा कळलं. खरं सांगितलं की सुटका होते असं तिला आजवर वाटत आलं होतं, आणि इथे तर तेच खरं तिच्या गळ्याशी आलं होतं. तिला ओरडून सांगावंसं वाटलं की मी भ्याले, मला हसतील म्हणून भ्याले, एवढंच. पण ते आता कोणी ऐकणार नव्हतं.

योब्स्ट पुढे वाकला. त्याच्या आवाजात अजिजी होती. "वहिनी, तुमचं वय झालंय, घोटाळा होतो माणसाचा. नीट आठवा. मडकं सिबिलाच्याच घरचं होतं ना? नुसती मान हलवा."

मान हलवायला काहीच लागत नव्हतं. तिची मान भीतीने तशीही थरथरत होती. तिने दोन्ही हातांनी आपली हनुवटी घट्ट धरली, चुकूनही होकार समजला जाऊ नये म्हणून, आणि म्हणाली, "नाही."

परक्या माणसाने सिबिलाला बाजूला होण्याची खूण केली. रोझिनाने घागरा सावरला आणि उठून पलीकडच्या बाकावर गेली. तिच्यामागे चांभारीण उठली, मग एकेक करत सगळा बाक मोकळा झाला. ज्यांना तिने जन्मभर बिअर पाजली होती त्यांतला एकही जण तिच्याकडे बघत नव्हता.

सिबिला दारापर्यंत गेली. बाहेर तिचा नवरा तिला हाताने बोलावत होता. ती तिथे थांबली, वळली, सगळं दालन ओलांडून परत आली आणि पोलोनियाच्या शेजारी बसली.

"अगं मूर्खे, ऊठ," पोलोनिया पुटपुटली. तिला आता पहिल्यापेक्षा जास्त भीती वाटत होती. "सुटलीस ना, मग जा इथून. तो काळ्या अंगरख्यातला बघतोय तुझ्याकडे. पाया पडते, जा गं."

सिबिलाचाही हात बर्फासारखा गार होता. तो तिने पोलोनियाच्या हातात घातला.

"एकट्या कशा बसाल, काकू?" ती म्हणाली.