सतराची बेरीज

संकेश्वरची माणसं बहिणीची सुपारी फोडायला आमच्या वडगावच्या घरी आली, त्या सकाळी आप्पांनी विणायचे माग बंद ठेवले होते. पत्रिका जुळली होती. पोरगा बहिणीला मनापासून आवडला होता, आणि तिला सहसा काही आवडत नाही. सुपारी तेवढी फुटायची होती.

ती हातात घेऊन मुलाच्या मामांनी विचारलं, "पोरीची जन्मतारीख कितवी?"

"सतरा," आप्पा म्हणाले.

मामांनी एकात सात मिळवले. "आठ आलं की वो. आठ म्हंजे शनी. आमच्या घरात ह्यो आकडा घेत न्हाईत." सुपारी परत ताटात गेली.

स्वयंपाकघराच्या दारात बहिणीचा चेहरा उतरला. मला शिसारी आली. कडक इस्त्रीची, मोटारीतून आलेली माणसं, आणि बोटांवर मोजून माझ्या बहिणीला शनी ठरवत होती.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. गणितात बी.एस्सी. केलंय, ते काय भिंतीला टांगायला नाही. पाहुण्यांपुढच्या उकडलेल्या शेंगांतल्या सतरा मी वेगळ्या काढल्या.

"मामा, आपण दहाचा गठ्ठा बांधतो. एक गठ्ठा, सात सुट्ट्या. म्हणून एक आणि सात लिहितो. आता आठाचा गठ्ठा बांधा."

मामांनी बांधला. दोन गठ्ठे झाले, एक शेंग उरली.

"म्हणजे लिहायचं दोन आणि एक. बेरीज तीन. सहाचे बांधले तर दोन गठ्ठे, पाच सुट्ट्या, बेरीज सात. शेंगा वाढल्या का? कमी झाल्या? बेरीज बदलते ती आपल्या लिहिण्याची. सतराचा खरा गुण वेगळाच आहे. या शेंगा सारख्या ओळींत लावून बघा, एकच लांब ओळ होते, दोन, तीन, चार सारख्या ओळी जमतच नाहीत. कशाचेही गठ्ठे बांधून लिहा, हे बदलत नाही. माणसाचं नशीब बेरजेत कुठून येणार?"

मामांनी आठाचे गठ्ठे परत मोजले. पटलं, असं मला वाटलं.

"तीन," ते म्हणाले. "तीन म्हंजे गुरू. आवो, मग पोरगी गुरूची हाय."

"मामा, आठही खोटं आणि तीनही खोटं."

"शिकलेली माणसं अशीच. मोठेपणा घेत न्हाईत." त्यांनी सुपारी उचलून फोडली. बायका हसल्या, पेढे फिरले. आप्पांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवला. "शिकवलं त्याचं चीज झालं." इतक्या वर्षांत ते हे पहिल्यांदा बोलले. आणि तेही मी न सांगितलेल्या गोष्टीसाठी.

आत गेलो तर बहीण म्हणाली, "अण्णा, आता पुढं काय बोलू नकोस रं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. बाहेर येऊन मी त्या सतरा शेंगा परत पाहुण्यांपुढच्या शेंगांत मिसळल्या.

ती सुखात आहे, एवढं बरं. मामा मात्र मला सोडत नाहीत. परवा नव्या ट्रॅक्टरचा नंबर घेऊन त्यांचा फोन आला.

"मामा, ट्रॅक्टर ऊस ओढतोय का ते बघा," मी म्हणालो.

"ते बघतो वो. आठाच्या गठ्ठ्यात बसत नसंल तर साताचा बांधून बघा. तुमच्याच हातात हाय की."