झुराकानचं उसनं वासरू

झुराकान ही माझी थोरली जाऊ. नाही म्हणणं तिला उभ्या जन्मात जमलं नाही. कुणी कढई मागो, कुणी खोगीर मागो, हिचं आपलं "ने की!" मी वैतागायची, "अहो, उद्या कुणी चूल मागितली तर तीही उपटून द्याल!" ती हसायची आणि पुन्हा द्यायची. आमच्या नारीनच्या डोंगरात असल्या बाईला सगळे चांगली म्हणतात आणि सगळेच लुटतात.

त्या वसंतात तिची गाय व्याली. गोऱ्हा झाला, पण कसला! नुसता हाडांचा सापळा, उभं राहताना पाय लटपटायचे. आधीच्या उन्हाळ्यात वरच्या कुरणावर गाभण असताना ती गाय मलूल झाली होती. आम्ही म्हटलं, गवत बदललंय, दुसरं काय? झुराकाननं वासरू चुलीपाशी लोकरीच्या नमद्यावर ठेवलं, बोटानं दूध चाटवलं आणि नाव ठेवलं तोम्पोक, म्हणजे गुबगुबीत! मूलबाळ नव्हतं तिला. मी हसायची, आणि दुधाची वाटी तिच्यापुढं सरकवायची.

तोम्पोक जगला. त्याच सुमारास समोरच्या सोनूनच्या म्हाताऱ्या गायीचं वासरू थंडीनं गेलं, आणि वासराशिवाय आमच्याकडच्या गायी पान्हा सोडत नाहीत. सोनून आली, थोरल्या ताईला हाक मारावी तशी म्हणाली, "एजे, तुमचा तोम्पोक देता का जरा? नुसता पुढ्यात उभा करते." गायीनं त्याला चाटलं आणि ती पान्हवली. मग काय विचारता, गल्लीभर बोलावणी! जिची गाय अडली तिच्या गोठ्यात तोम्पोक.

पुढे एकेक गाय गाभडायला लागली. सोनूनच्याच गोठ्यातल्या पहिलारू गायीला मेलेलं वासरू झालं. कुणाचं आंधळं जन्मलं. लोक म्हणाले, नजर लागली. नजर उतरवायला घरोघर अर्चाच्या झाडाच्या फांद्यांचा धूर झाला. शेवटी गुरांच्या डॉक्टरणीनं, मीरिमनं, सगळ्या जनावरांचं रक्त तपासायला नेलं, आणि परत आली ती थेट झुराकानच्या अंगणात.

"हा पोटात अगदी लहान होता तेव्हा आईला विषाणू लागला," ती तोम्पोककडे बघत म्हणाली. "याच्या शरीरानं तो आपलाच मानला. आता हा जन्मभर लाळेतून, शेणातून तो सांडत फिरणार. औषध नाही. गाभण गायींजवळ तर याला फिरकूही द्यायला नको होतं."

"कुठल्या कुठल्या गोठ्यात गेला होता ते सांगते," झुराकान म्हणाली आणि एकेक घर बोटांवर मोजायला लागली.

माझा नवरा, तिचा धाकटा दीर, वहिनीला हळूच म्हणाला, "जेंगे, गप्प बसा. आत-बाशीच्या बाजारात विकून टाकू. कोण विचारतंय?"

"घेईल त्याच्याही घरी गाभण गाय असेल ना रे," ती म्हणाली.

शेवटी सुरी त्यानं चालवली. तोम्पोकचं डोकं मात्र तिनंच मांडीवर धरलं होतं. डॉक्टरणीच्या सांगण्यावरून कातड्यासकट खोल पुरला.

मग ती दारोदार गेली. "तुझं वासरू माझ्या तोम्पोकमुळे गेलं," एवढंच सांगायची. कुणी म्हणालं, जाऊ द्या. सोनूननं ऐकलं आणि दार लावून घेतलं. मी भडकले, "मागायला आली तेव्हा बरी आठवण होती!"

"तिचं वासरू गेलंय गं," जाऊ म्हणाली.

इकडे तिची गाय हंबरून हंबरून हैराण. सड ताठले, दुधाचा थेंब नाही. आता जिवंत वासरू या अंगणात पाठवणार कोण? झुराकान बादली घेऊन बसली, गायीच्या कुशीला डोकं टेकवून ढसाढसा रडली. इतक्या वर्षांत मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात फाटक वाजलं. सोनून होती. काखेत तिच्या पहिलारूच्या त्या मेलेल्या वासराचं कातडं, पेंढा भरून शिवलेलं. रोज तेच पुढ्यात ठेवून ती धार काढायची.

"डॉक्टरीणबाईंना विचारून आलेय," ती खाली बघत म्हणाली. "खारवून वाळवलंय, आता यानं काही होत नाही."

तिनं ते गायीपुढे ठेवलं, वर मीठ चोळलं. गायीनं हुंगलं, तोंड फिरवलं, पुन्हा हुंगलं आणि चाटायला लागली. बादलीत धार वाजली.

"सकाळी माझ्या गोठ्यात, संध्याकाळी तुमच्या," सोनून म्हणाली. "नाही म्हणू नका, एजे."

नाही म्हणणं तिला कुठं जमतं! ती नुसती त्या पेंढ्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.