मुक्या कॅसेटमधलं तिसरं कडवं

वडगावच्या भरमाण्णाकडं दोन पॉवरलूम आणि कपाटभर जुन्या व्हिडिओ कॅसेटी. माग पोटासाठी, कॅसेटी जिवासाठी. कुठं घर पाडलं, कुठं फोटो स्टुडिओ बंद पडला, की हा पिशवी घेऊन हजर. लोकांची लग्नं, बारशी, जत्रा बघत बसायचं. त्यात एखादा सनईवाला, एखादं भजनी मंडळ गवसलं की याची दिवाळी. बायको राजेश्वरी म्हणायची, "परक्याच्या वराती घरात आणून नाचणारा माणूस मी दुसरा बघितला न्हाय."

शेजारच्या नागुबाई त्याच्याकडं सुताच्या कांड्या भरायला येत. त्यांचे यजमान मष्णूआप्पा भजनात गायचे. आप्पांनी स्वतः बांधलेलं देवीचं पद मंडळ अजून म्हणतं, पण दोनच कडवी. तिसरं आप्पांबरोबर गेलं. "रोज कानावर पडायचं, म्हणून कधी कान दिला न्हाय रं," असं नागुबाई म्हणत, तेही मागाच्या खडखडाटात, नुसते ओठ हलवून. मागावरची माणसं एकमेकांचे ओठ बघूनच बोलतात. ओरडून घसा कोण फोडून घेणार? भरमाण्णाला मात्र ते ओठ मनात टोचत राहिले.

यंदा श्रावणात निपाणीहून त्यानं एका तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या लग्नाची कॅसेट आणली. फितीवरची बुरशी पुसली, व्हीसीआरला लावली, भरभर पुढं पळवली आणि थांबलाच. हळदीचा मांडव, पेटीमागं काळ्या मिशांचे आप्पा, डोळे मिटून गाताहेत! आवाज ऐकायचीही वाट न बघता यानं नागुबाईंना आणि सगळ्या मंडळाला हाक घातली.

माणसं दाटीवाटीनं बसली. कॅसेट सुरू झाली, आणि आप्पांच्या तोंडून एका नाजूक बाईचं सिनेमातलं प्रेमगीत ऐकू यायला लागलं. तेव्हाचे व्हिडिओवाले मूळ आवाज पुसून सिनेमाची गाणी भरायचे, हे भरमाण्णा आनंदात विसरला होता.

मंडळात आता पेटी वाजवणारे महादेव गालात हसले. "आप्पांचा गळा लईच गोड झालाय रं."

भरमाण्णाला मान वर करवेना. नागुबाई पुढं सरकल्या. "ते गाणं बंद कर की भरमा."

आवाज बंद झाला. पडद्यावरच्या आप्पांच्या ओठांबरोबर नागुबाईंचे ओठ हलू लागले; ओळखीची दोन कडवी सरली. "मागं घे. परत लाव." मग हळूच म्हणाल्या,

"तुटला धागा मी सांधीन आई,"

आणि नेमका कॅमेरा आप्पांवरून सरकला. राजेश्वरीनं कपाळावर हात मारला. पण भजनात गाणाऱ्याची ओळ टाळकरी मागोमाग उचलतात. कॅमेरा टाळकऱ्यांवर गेला होता, आणि त्यात कोवळा महादेव तोंड वासून गात होता. त्याच्या ओठांवरून नागुबाईंनी पुढचं उचललं:

"गाठ झाकाया तुझा पदर राहो."

"मी म्हटलो व्हय हे?" महादेव चकित. "टाळकऱ्यानं मागनं ओढायचं, ध्यानात कोण ठेवतंय."

"आता तरी ठेव," नागुबाई म्हणाल्या. सगळे हसले. महादेवांनी पेटी मागवली. त्या दुपारी तिसरं कडवं कितीदा झालं कुणास ठाऊक. राजेश्वरीचा चहा दोनदा निवला आणि माग बंदच राहिले. देवी द्यायला बसली की अशी पोचवते.

सगळे उठले तरी नागुबाई टीव्हीसमोरच होत्या. पडद्यावर आप्पा तसेच थांबलेले. त्यांच्याकडं बघत, आवाज न काढता, त्यांनी ओठ हलवले. खोलीतल्या प्रत्येकाला ते वाचता आलं.

"आता दिला बघा कान."