ढुंढा पळवली तेव्हा

बाळंतपणाच्या वॉर्डातल्या सलग दोन पाळ्या करून संध्याकाळी घरी आले, तर खोलीत होळीच्या गोवऱ्यांचा धूर भरला होता. तशीच आडवी झाले आणि माझ्या गावची, नेरची एक होळी आठवली.

मी दहा वर्षांची होते. गुरुजींनी गोष्ट सांगितली होती, की ढुंढा राक्षसीण लेकरांना छळायची. लेकरांनीच बोंबा मारून, खोड्या काढून तिला गावाबाहेर पळवलं, म्हणून शिमग्याला बोंब मारतात. आम्हाला आता फक्त एक ढुंढा हवी होती. गल्लीत एकटी राहणारी गिरजाबाई सुईण आम्ही निवडली.

"ढुंढे, पळ!" म्हणत आम्ही तिचं दार बडवलं. ती बाहेर आली. डोळे लालभडक, लुगड्याला ओव्याच्या धुरीचा वास.

"पोट्टेहो, दोन रातीपासून बाळंतिणीपाशी जागून राह्यली मी. लाकडं पायजेत ना? चुलीपाशची सारी न्या. पण मले घडीभर झोपू द्या."

आम्ही लाकडं उचलली. तिनं दार लावलं आणि पहिली बोंब मीच ठोकली. माझ्या जन्माच्या वेळीही आईपाशी तीच होती.

त्या दिवशी दार पुन्हा उघडलं नाही. तेव्हा वाटलं, ढुंढा हरली. आता कळतं, तिच्यात उठायचं त्राणच उरलं नव्हतं.