डाव्या कानाचं शून्य

ऑफिसात तिला सगळे खुंटाताई म्हणत. खुंटा हलवून बळकट केल्याशिवाय ती एक ओळ पुढे जाऊ देत नसे. कानाच्या मशिनचा प्रोग्राम ती लिहायची. कोणता आवाज किती वाढवायचा याचे डॉक्टरांनी ठरवलेले आकडे साठवायचे आणि मशिन चालू झालं की तेच वाचून द्यायचे. चाचणीसाठी तिची दहा-बारा उदाहरणं ठरलेली, सगळी पास. आता खुंटा आपल्या सोयीच्या बाजूनेच हलवला तर तो उभाच राहणार, पण हे तिला सांगणार कोण!

घरी मात्र तिचीच आई ते मशिन घालायला तयार नव्हती.

"डाव्या कानात नुसती घरघर होते गं. दार लागलं तरी छातीत धस्स होतं."

"सवय नाही म्हणून, आई. थोडा नेट धर."

आईने मशिन कपाटात ठेवून दिलं. जेवताना नातवंडं हसली की तीही हसायची, जरा उशिरा, बाकीच्यांची तोंडं बघून. ते पाहून लेकीचं काळीज तुटायचं आणि आईच्या हट्टाचा रागही यायचा. हळूहळू दोघींचं बोलणं कामापुरतं उरलं.

ऑफिसात एक नवी मुलगी आली होती, जिभेला हाड नसलेली. ती शेजारी खुर्ची ओढून बसली.

"ताई, उदाहरणं तुम्हीच निवडता, म्हणून पास होतात. तुम्ही फक्त नियम सांगा. उदाहरणं कॉम्प्युटर शोधेल."

"नियम म्हणजे?"

"आकडे कुठलेही असोत, तुमच्या प्रोग्रामबद्दल कायम खरं काय असायला हवं?"

खुंटाताई म्हणाली, "जे साठवलं, तेच परत मिळायला हवं."

"झालं की. हेच लिहा."

तिची फंक्शनं, म्हणजे प्रोग्रामचे छोटे तुकडे, सुटसुटीत होती. आत टाकाल त्यावरच उत्तर ठरायचं, बाहेरच्या कशाला हात लागायचा नाही. नियम दोन ओळींत बसला. कॉम्प्युटरने मनाला येतील ते आकडे शेकड्यांनी ओतले आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटली: नियम मोडला. आधी आकड्यांचं भलंमोठं भेंडोळं होतं. मग कॉम्प्युटर स्वतःच त्यातलं नको ते गाळत गेला आणि शेवटी एवढंच उरलं: एक कान, जाड आवाज, शून्य.

शून्य म्हणजे हा आवाज वाढवू नका. तिच्या प्रोग्रामने त्याचा अर्थ घेतला होता, इथे काही भरलेलंच नाही, आणि त्या जागी नेहमीचे वीस घातले होते. आईला डाव्या कानाने जाड आवाज अजून उत्तम ऐकू यायचे, म्हणून डॉक्टरांनी तिथे शून्यच लिहिलं होतं. आणि मशिन नेमके तेच वाढवून तिच्या कानात घरघर करत होतं. खुंटाताईचा चेहरा खर्रकन उतरला.

दुरुस्ती झाली, सगळ्या रुग्णांना बोलावणी गेली. आईचं मशिन डॉक्टरांनी नव्याने लावून दिलं. त्या संध्याकाळी ती ते घालून जेवायला बसली आणि नातवाच्या विनोदावर सगळ्यांच्या आधी हसली.

लेकीने मान खाली घातली. "आई, तू म्हणत होतीस तेच खरं होतं. चूक माझी होती."

"काय म्हणालीस? ऐकू नाही आलं."

आईच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. खुंटाताईला ते दिसलं. तिने ताट बाजूला सारलं आणि सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात तेच पुन्हा म्हटलं.