बाहेरचे आणि आतले

भुतं माणसांना भितात असं म्हटलं तर लोक हसतील. पण त्या काळी अकोला-अमरावतीच्या टापूतलं एकूण एक भूत माझ्या मावसोबांना भीत असे, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. मावसोबा म्हणजे माझ्या आईच्या थोरल्या बहिणीचे यजमान. अकोल्याला तारमास्तर होते. मी तिथल्याच एका शाळेत शिकवत असे आणि त्यांच्याच घरी राहत असे. ते मांत्रिक नव्हते, गंडेदोरे करत नव्हते, आणि नास्तिक तर मुळीच नव्हते. मेलेली माणसं बोलतात यावर त्यांचा स्वतःच्या खात्याइतकाच विश्वास होता. त्यांचा हट्ट एवढाच, की आवाज बाहेरून आला की आपल्याच आतून, हे आधी तपासा. "तार कोन्या तरी गावाहून निंगते," ते म्हणत. "आपल्याच मनातलं लिहून घेतलं तर थे तार नोहे, बडबड होय!" तपासायची रीतही त्यांनी ठरवली होती. हजर असलेल्यांपैकी कुणालाच ठाऊक नाही असं काही आत्म्याने सांगावं, आणि ते पुढे खरं निघावं. तरच तो बाहेरचा. त्यांच्या वहीत 'बाहेरचे' आणि 'आतले' अशी दोन सदरं होती. 'आतले' भरत चाललं होतं. 'बाहेरचे' कोरं होतं.

अमरावतीच्या एका वकिलांकडे त्या दिवसांत तिपाईवर बोटं टेकवून आत्मे बोलवायचं वेड होतं. मावसोबांना मोठ्या मानानं बोलावणं आलं. वकिलांचे आजोबा उतरले आणि तिपाईनं एकेक अक्षर ठोकत म्हणाले, "मला इथे फार शांत वाटते." मावसोबांनी चष्मा पुसला. "वकीलसाहेब, आजोबा कोन्या गावचे?" "दर्यापूरचे." "जित्तेपनी मले-तुले म्हनत का मला-तुला?" "मले-तुलेच म्हणत." "मंग मेल्यावर पुन्याले शाळेत गेले काय?" त्या घरचा चहा मिळाला नाही, पण परतीच्या गाडीत मावसोबा खुशीत होते.

मात्र ते नुसते टर उडवणारे नव्हते. अकोल्याजवळच्या एका माळ्याच्या सुनेच्या अंगात मेलेली सासू येई आणि रोज गोडधोड मागे. घरचे तिला मिरच्यांची धुरी देणार होते. मावसोबा तिच्यासमोर घटकाभर बसले, दोन प्रश्न विचारले आणि बाहेर येऊन सासऱ्याला म्हणाले, "बाहेरचं काईच नाई. पोरगी उपाशी हाय. भाजीचा भारा वाहून आनते अन् उरलंसुरलं खाते. तिले पोटभर जेवू घाला, तुमची बायको आपोआप निंगून जाईन." गेली.

मग मानमोडीच्या तापाची साथ आली. अमरावतीत माझी आई आजारी पडली म्हणून मावशी धावून गेली. आई उठली आणि मावशी पडली. माझ्या वडिलांनी अकोल्याला तार केली, तेव्हा यंत्रावर मावसोबाच होते. बायको गेल्याची तार त्यांनी अक्षर अक्षर करून स्वतःच्या हातानं लिहून घेतली, 'पोचली' अशी खूण उलट दिली आणि मगच खुर्चीवरून उठले. त्यांच्या हाताखालच्या माणसानं हे मला नंतर रडत सांगितलं.

आम्ही अमरावतीला पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. आई दारातच म्हणाली, "भाऊजी, ताई जाताना..." मावसोबांनी हात वर केला.

"नोको सांगू, वेणू. ती जाताना काय बोलली, हे एकच मले माहीत नाई. थे आता तिनंच येऊन सांगावं."

महिन्याभरात मावशी त्यांना ऐकू येऊ लागली. दुपारी जेवण झालं की पाटावरच बसून ते कान देत. मिरचीचा ठेचा कमी खा, धोतर फाटलं आहे, भाच्याला दूध देता की नाही. सगळं मावशीचंच बोलणं, आणि म्हणूनच ते सगळं 'आतले' या सदरात जाई. कारण ती हेच म्हणणार हे त्यांना आधीच ठाऊक असे. शेवटी ते एकच प्रश्न विचारत आणि वाट पाहत. समोरचं ताट वाळून जाई.

"बाकी सारं बोलते," एकदा ते मला म्हणाले. "पन जाताना काय बोलली थे इचारलं का गप्प."

मला राहवलं नाही. "मनातली असती तर कायतरी बनवून सांगतलं असतं तिनं."

त्यांच्या चेहऱ्यावर आशेचं काहीतरी हललं. मग त्यांनी मान हलवली. "गप्प राह्यनं म्हंजे उत्तर नोहे, बाबू. कोरी तार कोन लिहून घेते?" आणि वहीत 'आतले'खाली लिहिलं: गप्प.

अशी अकरा वर्षं गेली. आई दर भेटीत विचारी, "सांगू का, भाऊजी?" ते म्हणत, "थांब." शेवटच्या तापात ती येऊन त्यांच्या उशाशी बसली. "आता तरी सांगते." मावसोबा हसले. "आता कावून? आता मीच जाऊन इचारतो."

तिसऱ्या दिवशी ते गेले.

तेरावं झाल्यावर दुपारी आई तांदूळ निवडत बसली होती. मी विचारलं, "आई, मावशी जाताना काय बोलली होती?"

आईचा हात थांबला. "काईच नाई रे. दोन दिवस गुंगीतच होती. ओठसुद्धा हालले नाई. मी त्या दिवशी हेच सांगून राहिली होती. मंग दर खेपेले त्यायनं 'थांब' म्हटलं का वाटे, वाट पाहून राहिले, तर पाहू द्या. काई नाई म्हटलं तर कशाच्या भरवशावर जगतीन?"

मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. तरी माझ्या अंगावर काटा आला. मावसोबा रोज विचारत, आणि ती रोज गप्प राही, हे मी आईला सांगितलं.

आईनं तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. मग डोळ्यांना पदर लावून हळूच म्हणाली, "ताई तशीच होती रे. खोटं बोलनं तिले कदीच जमलं नाई."