दारावर तिचं नाव

दुष्काळात जनावरं विकून आम्ही पिशोर गाव सोडलं. इथं येऊन हिनं, माझ्या बायकोनं, टँकरपाशी हंडे घेऊन भांडणं केली, बांधकामावर विटा वाहिल्या, तेव्हा कुठं शहराच्या कडेला हा प्लॉट झाला. तेव्हा भोवती ज्वारी होती. आता घराला घर खेटलंय. हिचं एकच म्हणणं होतं, दारावर माझं नाव लावा, लोकांनी माझ्या नावानं घर विचारावं. घर पुरं झालं आणि ती गेली.

दाराशेजारी वीतभर भिंत. तिथं उभी पाटीच बसणार. माझा पोरगा घरीच कॉम्प्युटरवर जपानी पुस्तकांची पानं लावतो. त्यांच्या ओळी वरून खाली उतरतात. मी त्याच्यामागं खुर्ची टाकून बसतो. बोलत कुणीच नाय, पण माणूस तर जवळ असतं.

म्हणालो, "तुझ्या आईचं नाव असंच उभं काढ."

पानं लावायच्या त्याच्या लेटेक प्रोग्रॅमात जपानी फॉन्ट उभ्या ओळीसाठी लावलेला होता. त्यात त्यानं आईचं नाव टाकलं. अख्खं नाव कुशीवर पडलं.

"अरे, ही तर निजली! उठव तिला."

"दादा, त्यांच्या फॉन्टात उभं राहायची सोय केलेली असते. वाक्याशेवटचं टिंबसुद्धा जागा बदलतं. आपल्या फॉन्टात ती नाय."

मग त्यानं एकाखाली एक अक्षर ठेवलं. डोक्यावरची रेघ तुटली. नाव कसलं, दवाखान्याची पाटी वाटली.

"ऱ्हाऊ दे. दाराच्या वर आडवंच लाव."

"तिथं 'आई-वडिलांचा आशीर्वाद' लिहिलेली फरशी आहे."

"फोड ती फरशी."

सून आतून म्हणाली, "मामा, लोक काय म्हणतील?"

"आई कोण होती ते कळंल लोकांना. दुसरं काय!"

पोरगा हसला. ही गेल्यापासून घरात कुणी हसलं नव्हतं.

पाटी लागली. गल्लीत सगळे नवे भाडेकरू. मी रोज उंबऱ्यावर बसायचो, पण कुणी मान वर करंना. एक दिवस गॅसवाला आला. त्यानं वर बघून तिचं नाव मोठ्यानं वाचलं.

"चाचा, इन्हीं का घर है ना?"

"व्हय. तिचंच घर."

"तो बुलाओ ना उनको."

सिलेंडर मीच आत ओढला.